पुडीतला जिव्हाळा

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोन या अमली द्रव्याचा माग काढीत सांगलीनजीकचे कुपवाड गाठले आणि तेथे दडवून ठेवलेला मोठा साठा हस्तगत केला. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या गुन्हे शाखेने कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी या गावी त्याच द्रव्याचा कारखाना उघडकीस आणला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत तशीच गोष्ट घडली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याच्या सावरी या गावाचे नाव अशाच कारणाने राज्यभर झाले. प्रत्येक वेळी आधी किलोंचे आकडे छापून आले, मागोमाग कोटींचे आले. इरळीच्या मालाची किंमत पोलिसांनी सुमारे अडीचशे कोटी रुपये सांगितली. ऊस, द्राक्षे आणि हळद यांच्या भावावर ज्यांच्या वर्षाचे बरेवाईट ठरते, त्या दोन जिल्ह्यांना हे आकडे स्वप्नवत वाटले असल्यास नवल नाही.

किलो आणि कोटी यांच्या या जमाखर्चात एक रकाना मात्र कोराच राहिला. ही भुकटी माणसाच्या नाकातून आत गेली, म्हणजे त्याच्या मायाममतेचे, रागलोभाचे, मैत्रीचे आणि घरातल्या वागण्याचे नेमके काय होते, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. छाप्यांच्या बातम्या वाचणाऱ्या वाचकाच्या मनात या द्रव्याचे जे चित्र उभे राहते ते बहुधा दारूचे किंवा गर्दचे असते. झोकांड्या देणारा, कोपऱ्यात पडून राहणारा, डोळे तारवटलेला माणूस त्याला दिसतो. मेफेड्रोनचा माणूस, निदान आरंभी, असा नसतो. तो याच्या नेमका उलट असतो, आणि म्हणूनच तो घरच्यांच्या, शिक्षकांच्या आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

या द्रव्याचे कूळ शोधू गेल्यास ते लाल समुद्राच्या दोन्ही काठांवर, येमेन आणि इथियोपियात जाऊन पोहोचते. तेथे खात नावाचे एक झुडूप होते. आपल्या विड्यातल्या काताशी त्याचा काही संबंध नाही. त्याची कोवळी पाने दुपारच्या वेळी मंडळी जमवून चघळावयाची, ही तिकडची फार जुनी रीत. पहिल्या तासा-दोन तासांत बैठकीला रंग चढतो. कविता होतात, सौदे जमतात, जुनी भांडणे मिटतात. मग हळूहळू आवाज खाली येतात आणि जो तो आपल्यापुरता गप्प होतो. या शांत, काहीशा उदास प्रहराला येमेनी लोकांनी ‘सुलेमानचा तास’ असे नाव दिले आहे. पानांत जे कॅथिनोन नावाचे उत्तेजक द्रव्य असते, त्याच्याच घडणीचे मेफेड्रोन प्रयोगशाळेत प्रथम १९२९ मध्ये तयार झाले आणि नंतर जवळजवळ पाऊण शतक कागदांत पडून राहिले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते कोणीतरी पुन्हा उकरून काढले. ब्रिटनमध्ये ते काही काळ ‘झाडांचे खत’ अशा चिठ्ठ्या लावून उघडपणे विकले जात होते. एप्रिल २०१० मध्ये तेथे त्यावर बंदी आली. भारतात ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर मुंबईच्या महाविद्यालयांभोवती ‘एमडी’ आणि ‘म्यांव म्यांव’ ही त्याची टोपणनावे रुळून गेली होती. पानापासून भुकटीपर्यंतच्या या प्रवासात बैठकीचा रंग अनेक पटींनी गडद झाला, आणि सुलेमानचा तासही.

सातारा जिल्ह्याशी या भुकटीचे नाव जोडले गेले तेही त्याच वर्षी. मार्च २०१५ मध्ये खंडाळा तालुक्यातील कण्हेरी गावच्या एका घरातून शंभर किलोंहून अधिक पांढरी पूड जप्त झाली आणि एकच खळबळ उडाली. पुढे प्रयोगशाळेच्या तपासणीत ती मेफेड्रोन नसून चिनी पदार्थांत घालतात ते अजिनोमोटो असल्याचे वृत्त आले. या प्रकरणातील विनोदाचा भाग सोडला, तरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पांढऱ्या भुकटीत काय आहे हे पोलिसांनाही पाहून सांगता येत नाही. मग रात्री अकरा वाजता मित्राच्या खोलीवर पुडी उघडणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला ते काय कळणार?

पुडी उघडल्यानंतर घडते ते असे. काही मिनिटांतच हातपाय हलके होतात, संकोच गळून पडतो आणि बोलण्याला पूर येतो. ज्याला वर्गात उभे राहून दोन वाक्ये बोलता येत नाहीत तो घटकाभर ओघवते बोलतो. गाणे पूर्वी कधी ऐकलेच नव्हते असे वाटते. समोर बसलेले चौघे जन्माचे सोबती वाटू लागतात. त्यांच्या खांद्यावर हात टाकावा, मनातले सारे सांगून टाकावे, मागचे अपमान विसरून जावेत अशी उबळ येते. मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन ही जी दोन द्रव्ये एरवी थेंबाथेंबाने पाझरतात, त्यांचा या भुकटीने एकदम लोंढा सुटतो. पहिल्याचा संबंध हवेहवेसे वाटण्याशी, दुसऱ्याचा तृप्तीशी आणि आपलेपणाशी. आपल्या माणसांत बसल्यावर, परीक्षेचा निकाल चांगला लागल्यावर, लग्नघरात रात्री गप्पा रंगल्यावर जे मनात होते, तेच येथे कोणतेही कारण नसताना होते. विस्तवाशिवाय ऊब मिळावी, तसा हा प्रकार.

चहा आणि तंबाखू ही आपल्याकडची उत्तेजकेही माणसे जोडतातच की, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात किंवा साताऱ्याच्या राजवाड्यासमोर चहाशिवाय कोणते बोलणे पुरे होते? तंबाखूची चिमूट आणि चुन्याची डबी पुढे केल्यावाचून शेताच्या बांधावरची ओळखही व्हावयाची नाही. तंबाखूने पुढे तोंडाचा कर्करोग पदरात टाकला ही गोष्ट निराळी. तिचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. पण चहाच्या टपरीवर माणसे जमतात ती एकमेकांसाठी, आणि चहा हे निमित्त असते. पुडीभोवती माणसे जमतात ती पुडीसाठी, आणि माणसे निमित्त ठरतात. आरंभी हा भेद कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण त्या रात्री तरी प्रत्येकाला उलटेच वाटत असते.

एक बारीक गोष्ट येथे सांगावयास हवी. आपलेपणा वाटणे आणि दुसऱ्याचे मन कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मेफेड्रोनशी ज्याचा परिणाम बराच मिळताजुळता आहे त्या ‘एक्स्टसी’ या द्रव्यावर परदेशांत स्वयंसेवकांना घेऊन काळजीपूर्वक प्रयोग झाले आहेत. ते द्रव्य घेतलेल्या माणसाला इतरांविषयी माया दाटून येते. परंतु समोरच्या चेहऱ्यावरची भीती किंवा दुःख ओळखण्याची त्याची शक्ती मात्र मंदावते. आनंदी चेहरा तेवढा त्याला दिसतो. पहाटे तीन वाजता दार उघडणाऱ्या आईला जो मुलगा गळामिठी घालून ‘आई, तू झोप, माझी काळजी करू नकोस’ असे लाघवीपणे म्हणतो, त्याला तिच्या डोळ्यांतले भय दिसलेले नसते असे मानावयास या प्रयोगांमुळे जागा मिळते. आईला मात्र त्याचा तो लाघवीपणा दिसतो, आणि बरेच दिवस तिची त्यावरच समजूत पटते.

आता दुसरी बाजू. हा पूर टिकतो किती वेळ? बार्सिलोनातील संशोधकांनी मेफेड्रोन आणि एक्स्टसी यांची तुलना केली, तेव्हा मेफेड्रोनचा अंमल लवकर चढतो आणि लवकर उतरतो असे आढळले. नाकावाटे ओढल्यास तर तासा-दीड तासात सारे ओसरू लागते. आणि ओसरताच पुन्हा हवे अशी जी तलफ येते ती या द्रव्याची खरी ओळख होय. एका रात्रीत तीनदा, चारदा, पुडी रिकामी होईपर्यंत ते घेतले जाते. उद्यासाठी राखून ठेवणे ही गोष्ट सहसा घडत नाही. उजाडते तेव्हा मेंदूच्या कोठारात काही उरलेले नसते. झोप येत नाही, अन्न नको होते, जबडा आवळला जातो, छाती धडधडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक अशी कोरडी उदासी येते की कालचे चौघे जिवलग डोळ्यांसमोर नकोत असे होते. येमेनातला शांत तास येथे दोन दोन दिवसांचा होतो, आणि त्यात शांतता नसते.

महिने जातात तसे स्वभावाचे रूपच पालटते. क्षुल्लक कारणावरून संताप, नंतर पश्चात्ताप, मग पैशासाठी गोड बोलणे आणि त्या गोड बोलण्यातले पहिले खोटे. संशय हा तर या व्यसनाचा सोबतीच. मित्र आपल्यावर पाळत ठेवतात, बहीण मोबाइल तपासते, खोलीच्या बाहेर कोणी उभे आहे, असे वाटू लागते. सेवन फार वाढले तर नसलेले आवाज ऐकू येण्यापर्यंत मजल जाते. ज्या गोष्टींचा पूर्वी जीव की प्राण होता, त्या क्रिकेट, गणपतीचे मंडळ, धाकट्या भावाचे बोबडे बोल, त्यांची गोडी उरत नाही. लोंढ्याची सवय झालेल्या मेंदूला थेंबांची जाणीवच होत नाही, असे म्हटले तर शास्त्रालाही ते फारसे अमान्य होणार नाही. जिव्हाळ्यासाठी सुरू झालेले व्यसन जिव्हाळा वाटण्याची इंद्रियेच बोथट करून सोडते.

मेफेड्रोन हे पैसेवाल्यांचे व्यसन असून आपल्या आळीपर्यंत ते येणार नाही, अशी काही पालकांची समजूत आहे. तिला धक्का देणारी एक वस्तू या दोन जिल्ह्यांत अलीकडच्या वर्षांत वारंवार पकडली जात आहे. ती आहे मेफेंटरमाइनची इंजेक्शने. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब एकाएकी खाली आला तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ जे औषध वापरतात ते हे. नावातले साम्य सोडले तर मेफेड्रोनहून ते वेगळे आहे. पण उत्तेजक तेही आहेच. व्यायामशाळांत ते ‘ताकदीचे’ म्हणून पसरले. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुले, अंगावर स्नायू दिसावेत म्हणून आसुसलेली मुले दंडात सुई टोचून घेऊ लागली. थकवा कळत नाही आणि भीती वाटत नाही एवढा त्याचा तात्काळ गुण. पुढचे पान असे की झोप उडते, हात उगारला जातो, संशयाने मन पोखरते आणि काहींना तर भ्रम होऊ लागतात. अशा रुग्णांच्या नोंदी भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी करून ठेवल्या आहेत. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीतही हे औषध आहे. म्हणजे ज्या भरतीसाठी आणि ज्या मैदानासाठी ते टोचायचे, तेथली दारेच ते बंद करू शकते.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतले कांस्यपदक आणले. त्यांच्या मुलखात, त्यांच्याच मातीत ही सुई यावी याचे वैषम्य वाटते. जुन्या तालमीत खुराक होता, जोर-बैठका होत्या आणि त्यांहून मोठा असा वस्तादाचा डोळा होता. कोणाचा पोरगा रात्री कोठे होता, कोण दोन दिवस उगाच चिडतो आहे, कोणाच्या घरी काय बिनसले आहे, हे वस्तादाला ठाऊक असे. आरशांनी मढवलेल्या नव्या व्यायामशाळेत मुलगा दिवसभर स्वतःलाच पाहतो. त्याला पाहणारा दुसरा कोणी तेथे असेलच असे नाही.

प्रश्नाचे मूळ येथे कुठेतरी आहे, आणि ते केवळ पोलिसांच्या छाप्याने उपटले जाणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. गांधीजींनी १९२७ मध्ये त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण केले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राबत, एका पंगतीला बसून जेवत. त्या बोर्डिंगने अक्षर दिले हे सर्वजण सांगतात. त्याने सोबत दिली हे सांगावयाचे राहून जाते. घर सोडून आलेल्या खेड्यातल्या पोराला बोलावयास माणूस मिळे, आणि त्यासाठी त्याला काही ओढावे वा टोचावे लागत नसे. आज त्याच साताऱ्यात आणि सांगलीत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका आहेत, दहा बाय बाराच्या खोल्यांत खाटेच्या हिशेबाने राहणारी मुले आहेत, आणि एकेका जाहिरातीची वर्षानुवर्षे चाललेली वाट आहे. शेजारच्या खाटेवरचा मुलगा हा सोबती नसून त्याच जागेसाठीचा प्रतिस्पर्धी आहे. गावी फोन करावा तर ‘काय रे, लागला का निकाल?’ हा पहिला प्रश्न. अशा खोलीत कोणी एके रात्री पुडी आणली आणि दोन तास सारे एकमेकांचे सख्खे झाले, तर त्या दोन तासांचे मोल त्या मुलांना किती वाटत असेल, हे समजून न घेता त्यांना केवळ नादान ठरविणे सोपे आहे. व्यसनाचे समर्थन कोणीच करणार नाही. परंतु खोट्या नाण्याला बाजार मिळतो तो खऱ्या नाण्याची टंचाई पडते तेव्हाच.

कायद्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण भीतीपोटी घरे गप्प बसतात. मेफेड्रोनच्या बाबतीत दोन ग्रॅमपर्यंतचा साठा हा अल्प मानला जातो आणि पन्नास ग्रॅमपासून पुढे तो व्यापारी प्रमाणाचा गणला जाऊन दहा ते वीस वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद लागू होते. कारखानदार आणि दलाल यांच्यासाठी ही कठोरता योग्यच आहे. मात्र त्याच १९८५ च्या कायद्यात ६४-अ हे एक कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेला व्यसनाधीन माणूस आपण होऊन शासनमान्य ठिकाणी उपचार घेऊ लागला आणि ते त्याने पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालविला जाणार नाही, अशी सवलत त्यात आहे. छाप्यांच्या बातम्यांना पहिले पान मिळते. या कलमाला आतल्या पानावरही जागा मिळालेली क्वचितच दिसते.

उपचाराची सोयही अगदीच दूर नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था साताऱ्यातच आहे, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेले मुक्तांगण आहे. आणि १४४४६ या क्रमांकावर केंद्र शासनाचे मार्गदर्शन दूरध्वनीवरून मिळते. मुक्तांगण उभे राहिले तो काळ गर्दचा होता. गर्द सोडताना शरीर तडफडते, उलट्या होतात, हाडे दुखतात. घरच्यांना ते दुखणे दिसते आणि दया येते. उत्तेजकाचे तसे नाही. त्यावर उतारा म्हणून देता येईल असे खास औषध आज वैद्यकाजवळ नाही. झोप, अन्न, समुपदेशन आणि जीव देण्याचे विचार येत नाहीत ना यावर लक्ष, एवढ्यावरच बराचसा भर असतो. मुलगा सुटतो तो हळूहळू, आणि सुटत असताना तो आजारी दिसतच नाही. तो नुसता निरस दिसतो. पंधरा पंधरा तास झोपतो, हाकेला ओ देत नाही, सणाच्या दिवशीही ताटावर मान खाली घालून बसतो. कोठार पुन्हा भरण्यास आठवडे लागतात, कधी महिनेही लागतात.

याच दिवसांत पुष्कळ घरांचा धीर सुटण्याचा संभव असतो. पूर्वी निदान हसायचा, बोलायचा, आता तर तोंडच उघडत नाही, असे आई म्हणते; दवाखान्याने पोराला काय केले, असे वडील विचारतात. कोणी नातलग एखाद्या देवऋष्याचे नाव सुचवितो. अशा वेळी ज्या शिक्षकाने, किंवा महाविद्यालयाच्या कचेरीत हजेरीपट सांभाळणाऱ्या ज्या कारकुनाने त्या मुलाची गैरहजेरी प्रथम हेरली असेल, त्याने संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन अर्धा तास बसावे. मुलगा बोलणार नाही. त्याच्यासमोर चहा ठेवला जाईल, तो तो निम्माच पिईल आणि उठून आत जाईल. पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.